लोकांना काय हवे ते नंतर, ते काय सोडतील ते आधी विचारा

सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या एका गटाचा प्रश्न आहे. त्यांना दोन गोष्टींबद्दल लोकांची पसंती मोजायची आहे: पॅकबंद खाद्यपदार्थांच्या दर्शनी बाजूवरचे पोषणलेबल आणि आतड्याच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी. त्यासाठी निवड-सर्वेक्षण (समोर ठेवलेल्या पर्यायांतून एक निवडायला लावणारे सर्वेक्षण) करावे का, कसे करावे, किती माणसे घ्यावीत आणि हाती आलेल्या आकड्यांवर किती विसंबावे?

करावे, असेच मी म्हणेन. मात्र ही पद्धत काय मोजते हे आधी स्पष्ट हवे. एक गोष्ट मिळत असेल तर माणूस दुसरी किती सोडेल, एवढेच ती मोजते. सर्वेक्षणात पर्याय ज्या कार्डावर मांडतात, त्यावरची ही देवाणघेवाण उत्तर देणाऱ्याला खरी वाटली तर आकडे कामाचे ठरतात. ती खोटी वाटली, तर नंतर कितीही बारकाईचे गणित केले तरी हाती काही लागत नाही. म्हणूनच खाली मी विश्लेषणापेक्षा तयारीवर जास्त बोलणार आहे.

साध्या प्रश्नावलीची अडचण तुम्हाला ठाऊक असेलच. ‘साखर कमी असणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते, एक ते पाच सांगा’ असे विचारले की बहुतेक लोक चार किंवा पाच सांगतात. चव, किंमत, ताजेपणा, सुरक्षितता, सगळ्यालाच चार किंवा पाच. लोक खोटे बोलत नसतात. त्या उत्तरासाठी त्यांना काही गमवावे लागत नाही, इतकेच. अ‍ॅडम फिन आणि जॉर्डन लूव्हिएर यांनी १९९२ मध्ये अन्नसुरक्षेविषयीच्या लोकांच्या काळजीवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. अन्नाच्या सुरक्षिततेची काळजी वाटते का, असे नुसते विचारले तर सगळेच हो म्हणणार. म्हणून त्यांनी समाजापुढचे अनेक प्रश्न एकत्र ठेवले आणि त्यांतला सर्वांत जास्त काळजीचा व सर्वांत कमी काळजीचा प्रश्न निवडायला लावला. ही पद्धत आज ‘बेस्ट-वर्स्ट स्केलिंग’ म्हणून ओळखली जाते. तुम्हाला फक्त एखाद्या यादीचा क्रम लावायचा असेल तर तीच वापरा. ती उत्तर द्यायला सोपी आहे आणि तिच्यासाठी मोठ्या मांडणीची गरज पडत नाही.

पूर्ण निवड-सर्वेक्षणात उत्तरदात्यासमोर एकेक कार्ड येते. त्यावर दोन किंवा तीन पर्याय असतात. प्रत्येक पर्याय त्याच गुणधर्मांनी बनलेला असतो, पण गुणधर्मांच्या पातळ्या (जसे, किंमत कमी किंवा जास्त) वेगळ्या असतात. त्यांतला एक निवडायचा. यामागचा विचार केल्विन लँकेस्टर यांनी १९६६ मध्ये मांडला: ग्राहकाला वस्तूकडून समाधान मिळते ते तिच्या गुणधर्मांमुळे. दुसरा धागा लुई थर्स्टन यांच्या १९२७ च्या तुलनात्मक निर्णयाच्या नियमापर्यंत मागे जातो. डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७४ मध्ये निवडीचे जे लॉजिट प्रतिमान (प्रत्येक पर्याय निवडला जाण्याची शक्यता काढणारे गणिती सूत्र) मांडले, ते आजही या क्षेत्राचा पाया आहे आणि त्यासाठी त्यांना २००० सालचे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सॅन फ्रान्सिस्को परिसरात बार्ट ही रेल्वे सुरू होण्याआधी अधिकृत अंदाज होता की तिथले १५ टक्के लोक ती वापरतील. मॅकफॅडन यांच्या गटाचा अंदाज ६.३ टक्के होता. प्रत्यक्षात ६.२ टक्के लोकांनी ती वापरली. हे यश लोकांच्या खऱ्या प्रवासाच्या नोंदींवर उभे होते, कागदावरच्या काल्पनिक निवडींवर नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे. कार्डांवरच्या निवडींची आजची पद्धत लूव्हिएर आणि जॉर्ज वुडवर्थ यांच्या १९८३ च्या लेखातून आली. नव्वदच्या दशकात ब्रिटनमधल्या आरोग्य-अर्थतज्ज्ञांनी, विशेषतः अ‍ॅबरडीनच्या मँडी रायन यांनी, ती आरोग्यक्षेत्रात रुजवली.

आता खरे काम. गुणधर्म कोणते घ्यायचे, हा अख्ख्या प्रकल्पातला सर्वांत अवघड निर्णय आहे आणि बहुतेक गट तो एका बैठकीत उरकून टाकतात. तज्ज्ञांना महत्त्वाचे वाटणारे गुणधर्म आणि माणूस निवड करताना खरोखर पाहतो ते गुणधर्म पुष्कळदा वेगळे असतात. आधी मोकळ्या मुलाखती घ्या आणि लोक कोणत्या शब्दांत बोलतात ते ऐका. तपासणीच्या बाबतीत तज्ज्ञ चाचणीच्या अचूकतेबद्दल बोलतो. लोक मात्र विचारतात, आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध घ्यावे लागेल का? सोबत कुणाला आणावे लागेल का? निकाल यायला किती दिवस लागतील? या मुलाखतींतून लांबलचक यादी निघेल. ती चार ते सात गुणधर्मांपर्यंत आणा. त्याहून जास्त असले की लोक कार्ड वाचायचे सोडून एकदोन ओळींवर नजर टाकून मोकळे होतात.

छाटणी करताना दोन गोष्टी तपासा. पहिली, कार्डावर नसलेली गोष्ट माणूस स्वतः भरून काढतो का? ‘साखर निम्मी’ असे लिहिले आणि चवीबद्दल काहीच लिहिले नाही, तर बरेच जण मनात ‘म्हणजे बेचव’ असे जोडून टाकतात. मग तुम्ही साखरेचे मोल मोजता आहात की चवीच्या भीतीचे, हे सांगता येत नाही. अशा वेळी चव हा वेगळा गुणधर्म तरी घ्या, नाही तर सुरुवातीच्या सूचनेत ‘सर्व पर्यायांची चव सारखीच आहे’ असे स्पष्ट लिहा. किंमतीचेही तसेच. दर्जाबद्दल दुसरी माहिती नसली की लोक स्वस्त पर्यायाला हलक्या दर्जाचा समजतात, आणि तुमचा किंमतीचा गुणांक, म्हणजे किंमतीचा निवडीवरचा परिणाम दाखवणारा आकडा, शून्याकडे सरकतो. दुसरी गोष्ट, दोन गुणधर्म एकमेकांत गुंतलेले नाहीत ना? ‘सेंद्रिय’ आणि ‘कीटकनाशकांचे अंश नाहीत’ हे वेगळे गुणधर्म म्हणून घेतले तर ‘सेंद्रिय आहे, पण अंश आहेत’ असे कार्ड कधी ना कधी समोर येईल. ते पाहून माणसाचा साऱ्या सर्वेक्षणावरचाच विश्वास डळमळतो.

पातळ्या ठरवताना आणखी एक धोका आहे, आणि तो अहवालांत वारंवार दिसतो. ‘किंमत हा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म ठरला’ असे वाक्य वाचले की मी आधी किंमतीच्या पातळ्या पाहते. गुणधर्माचे सापेक्ष महत्त्व त्याच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या पातळीतल्या अंतरावरून काढले जाते. किंमत दुपटीपर्यंत वाढवली आणि मीठ केवळ १० टक्क्यांनी कमी केले, तर किंमतच पुढे येणार. त्यातून लोकांच्या मनाबद्दल काही कळत नाही. तुमच्या पातळ्या तेवढ्या दिसतात. म्हणून प्रत्यक्षात होऊ शकतील अशाच पातळ्या घ्या आणि महत्त्वाचा क्रम देताना पातळ्यांची व्याप्ती शेजारीच द्या.

‘यांपैकी एकही नको’ हा पर्याय ठेवायचा का? तपासणीच्या अभ्यासात तो हवाच. प्रत्यक्षात कितीतरी लोक तपासणीला जातच नाहीत. त्यांना दोन चाचण्यांतली एक घ्यायला भाग पाडले तर सगळे लोक तपासणीच्या बाजूचे आहेत असे भासेल. उलट नकाराचा पर्याय ठेवला की कंटाळलेला माणूस तोच दाबत राहतो आणि चाचण्यांमधली तुलना हातची जाते. यावर दोन टप्प्यांत विचारणे हा चांगला उपाय आहे: आधी ‘या दोनपैकी कोणती?’ आणि लगेच ‘ही तुम्ही खरोखर करून घ्याल, की काहीच करणार नाही?’ लेबलच्या अभ्यासात नकाराऐवजी ‘मी नेहमी घेतो तोच पदार्थ घेईन’ हा पर्याय अधिक खरा वाटतो, कारण खरेदीची सवय तशीच असते.

आरोग्याच्या अभ्यासात किंमत हा गुणधर्म घ्यावा की नाही, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. जिथे सेवा मोफत मिळते तिथे कार्डावर पैसे दिसले की काही जण रागावतात आणि निषेध म्हणून शून्य किंमतीचाच पर्याय निवडत जातात. तिथे मोजपट्टी म्हणून पैशांऐवजी वेळ किंवा जोखीम घ्यावी, असे माझे मत आहे. ‘निदान चुकण्याची शक्यता इतकी कमी होत असेल तर लोक किती दिवस जास्त थांबतील’ हा आकडा धोरण ठरवणाऱ्यांनाही सहज समजतो.

जोखीम लिहिताना मात्र हात आखडू नका. ‘०.५ टक्के’ आणि ‘२०० पैकी १’ एकाच कार्डावर कधीही येऊ देऊ नका. सगळीकडे छेद एकच ठेवा: १००० पैकी ५, १००० पैकी २०. शेजारी हजार ठिपक्यांचे चित्र द्या आणि त्यांतले तेवढे ठिपके रंगवा. लहान शक्यता नुसत्या आकड्यांवरून लोकांना नीट जाणवत नाहीत, आणि आरोग्याच्या बहुतेक निवडी लहान शक्यतांभोवतीच फिरतात.

मांडणीचे, म्हणजे कोणते पर्याय एकत्र ठेवून कार्डे बनवायची याचे, गणित मी थोडक्यात सांगते, कारण ते सॉफ्टवेअर करते. तीन गुणधर्मांना चार-चार पातळ्या आणि दोन गुणधर्मांना तीन-तीन असतील, तर ५७६ वेगवेगळे पर्याय बनतात आणि त्यांच्या १,६५,६०० जोड्या होतात. त्यांतल्या मोजक्या जोड्या अशा निवडाव्या लागतात की प्रत्येक उत्तरातून जास्तीत जास्त माहिती मिळेल. त्यासाठी ‘डी-एफिशियंट’ मांडणी वापरतात. तिला गुणांकांचे आधीचे अंदाज लागतात, म्हणून पायलट सर्वेक्षण, म्हणजे थोड्या लोकांवरची आधीची चाचणी, वगळता येत नाही. एकेका माणसाला आठ ते बारा कार्डे पुरेत. जास्त कार्डे हवी असतील तर त्यांचे गट करून ते वेगवेगळ्या माणसांत वाटा. मांडणीसाठी एन्जीन हे सॉफ्टवेअर विकत मिळते. विश्लेषणासाठी स्टेफान हेस आणि डेव्हिड पाल्मा यांचे अपोलो हे ‘आर’ या संगणकीय भाषेतले पॅकेज मोफत आहे आणि चांगले आहे.

माणसे किती, याचे प्रसिद्ध सूत्र जॉन्सन आणि ऑर्म यांचे आहे: ५०० ला सर्वांत जास्त पातळ्यांच्या संख्येने गुणा आणि कार्डांची संख्या गुणिले प्रत्येक कार्डावरच्या पर्यायांची संख्या याने भागा. चार पातळ्या, बारा कार्डे, दोन पर्याय घेतले तर उत्तर ८४ च्या आसपास येते. हा आकडा पाहून अनेक गट सुटकेचा श्वास सोडतात आणि तिथेच फसतात. संपूर्ण नमुन्याचे सरासरी गुणांक ढोबळमानाने काढण्यासाठी लागणारी ती किमान पातळी आहे. वयोगट, उत्पन्न, पूर्वी तपासणी केलेले आणि न केलेले अशी तुलना करायची असेल तर प्रत्येक उपगटात पुरेशी माणसे हवीत, म्हणजे एकूण संख्या कित्येक शेकड्यांत जाते. शिवाय नमुना कुणाचा आहे हेही पाहा. ऑनलाइन पॅनेलवर स्वस्तात हजार माणसे मिळतात, पण जे कधीच तपासणीला येत नाहीत ते तिथेही कमीच असतात. तुमच्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्यांच्याकडे असते.

पायलटच्या वेळी काही लोकांना मोठ्याने विचार करत उत्तरे द्यायला सांगा. ‘हे का निवडले?’ या प्रश्नाचे उत्तर कार्डावर नसलेल्या गोष्टीवरून येऊ लागले तर कार्ड बदला. यासारखी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

आता विश्लेषण. साध्या लॉजिट प्रतिमानात प्रत्येक पातळीला एक गुणांक मिळतो आणि अर्थ त्या गुणांकांच्या गुणोत्तरांना असतो. समजा, साखर निम्मी करण्याचा गुणांक ०.६ आला आणि किंमत दर १० टक्क्यांनी वाढण्याचा उणे ०.३. म्हणजे साखर निम्मी होत असेल तर लोक सरासरीने २० टक्के जास्त किंमत सोसतील. बाकी सारे सारखे असलेल्या दोन पदार्थांत कमी साखरेचा निवडला जाण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के. सुटा ०.६ मात्र काहीच सांगत नाही, कारण त्यात पसंतीची तीव्रता आणि उत्तरांतला गोंधळ एकत्र मिसळलेले असतात. एका गटाचे सगळे गुणांक दुसऱ्या गटाच्या निम्मे आले तर त्यांची पसंती दुबळी आहे असे म्हणता येणार नाही. कदाचित त्यांची उत्तरे अधिक विस्कळीत असतील. जोफ्री स्वेट आणि लूव्हिएर यांनी १९९३ मध्ये हे दाखवून दिले, तरी थेट तुलना करणारे अहवाल अजूनही येतात. गटांची तुलना गुणोत्तरांनीच करा.

साध्या लॉजिटची दुसरी मर्यादा लेबलच्या अभ्यासात नडेल. नेहमीचा पदार्थ आणि लेबल असलेला पदार्थ यांना निम्मी-निम्मी पसंती आहे असे धरा. तिथे लेबलच्या पदार्थाची जवळपास हुबेहूब प्रत आणून ठेवली तर हे प्रतिमान तिघांना एक-एक तृतीयांश वाटून देते. खरे तर नेहमीच्या पदार्थाचे गिऱ्हाईक हलायचे कारण नाही. दोन प्रतींनी आपला निम्मा वाटा वाटून घ्यायला हवा. माणसागणिक पसंती वेगळी असू शकते हे धरणारे मिक्स्ड लॉजिट वापरले की ही अडचण बरीच कमी होते आणि सरासरीमागे दडलेली माणसेही दिसू लागतात. एखाद्या लेबलाचा सरासरी गुणांक शून्य आला तर लोक उदासीन आहेत असे समजू नका. निम्म्या लोकांना ते हवे असेल आणि निम्म्यांना ते खटकत असेल, तरीही सरासरी शून्यच येते. धोरणासाठी या दोन परिस्थिती पूर्ण वेगळ्या आहेत. हे वेगळे गट स्पष्ट दिसावेत म्हणून मला लोकांना पसंतीनुसार गटांत विभागणारे लेटंट क्लास प्रतिमान अधिक आवडते, कारण त्याचा निष्कर्ष तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही समजावता येतो.

‘विसंगत’ उत्तरे काढून टाकावीत का, असेही नेहमी विचारतात. एखाद्याने उघड सरस पर्याय सोडून दुसरा निवडला तर त्याला वगळण्याचा मोह होतो. एमिली लान्सार आणि लूव्हिएर यांनी २००६ मध्येच यावर सावध केले, आणि मी त्यांच्याशी सहमत आहे. त्या माणसाने कार्डाबाहेरची काही गोष्ट गृहीत धरलेली असू शकते. शिवाय अशांना काढले की कमी शिकलेले आणि वयस्कर लोक जास्त प्रमाणात गळण्याची भीती असते. काही सेकंदांत सगळी कार्डे उरकणाऱ्यांना जरूर वगळा, पण तो निकष आधीच लिहून ठेवा आणि निष्कर्ष त्यांच्यासह व त्यांच्याविना असे दोन्ही द्या.

किती विसंबावे? इथे मघाची बार्टची गोष्ट कामाला येते. कार्डावरच्या निवडीला परिणाम नसतो. जेसन लस्क आणि टेड श्रोडर यांनी २००४ मध्ये वेगवेगळ्या दर्जाच्या स्टेकवर (गोमांसाच्या तुकड्यांवर) केलेल्या प्रयोगात काही लोकांना खरे पैसे मोजायला लावले आणि काहींना नुसते कल्पनेत निवडायला सांगितले. कल्पनेतल्या लोकांनी खरेदीची तयारी वाढवून सांगितली. पण एका दर्जाकडून दुसऱ्या दर्जाकडे जाण्यासाठी किती जादा मोजू, हा फरक दोन्ही गटांत साधारण सारखाच निघाला. आरोग्यक्षेत्रातही चित्र याच्याशी जुळते. मॅथ्यू क्वाइफ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. जे लोक प्रत्यक्षात सेवा घेतात, त्यांच्याबद्दलचा अंदाज ८८ टक्के वेळा बरोबर ठरला. जे घेत नाहीत, त्यांच्याबद्दलचा फक्त ३४ टक्के वेळा.

याचा सरळ अर्थ असा की ‘या चाचणीला किती टक्के लोक येतील’ हा आकडा सर्वेक्षणातून जसाच्या तसा उचलू नका. ‘दोन चाचण्यांपैकी लोक कशाला प्राधान्य देतील आणि त्यासाठी काय सोडतील’ यावर पुष्कळ जास्त विसंबता येते. निर्णयांत या पद्धतीचा उपयोग झाला आहे तोही अशाच प्रश्नांसाठी. लठ्ठपणावरच्या उपकरणांची जोखीम आणि घटणारे वजन यांची रुग्ण कशी तोलणी करतात, याचे निवड-सर्वेक्षण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पुरस्कृत केले होते. जानेवारी २०१५ मध्ये मेस्ट्रो या उपकरणाला मंजुरी देताना त्याचे निष्कर्ष विचारात घेतले गेले. आजाराच्या अवस्थांना गुण देणाऱ्या ईक्यू-५डी-५एल या प्रश्नावलीच्या मूल्यांकनातही निवडीची कार्डे वापरली जातात.

तुमच्या दोन अभ्यासांपैकी लेबलचा अभ्यास खऱ्या खरेदीशी जोडता येईल: सर्व कार्डे झाल्यावर एक कार्ड चिठ्ठी टाकून काढा आणि त्यावर जे निवडले ते माणसाने कार्डावरच्या किंमतीला खरोखर विकत घ्यायचे, हे सुरुवातीलाच सांगा. तपासणीत असे करता येत नाही. तिथे सध्याच्या सेवेला किती टक्के लोक येतात ते नोंदींवरून घ्या, प्रतिमानातला नकाराचा स्थिरांक (‘काहीच करणार नाही’ या पर्यायाकडचा मूळ कल दाखवणारा आकडा) त्या आकड्याशी जुळवून घ्या आणि मगच बदलांचे परिणाम वर्तवा. आणि क्षेत्रकार्य सुरू करण्याआधी अंतिम अहवालातला मुख्य तक्ता रिकाम्या आकड्यांसह तयार करून धोरण ठरवणाऱ्यांपुढे ठेवा. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, हा आकडा मोठा आला तर तुम्ही काय बदलाल आणि लहान आला तर काय? ज्या ओळीबद्दल दोन्ही वेळा उत्तर एकच येईल, तो गुणधर्म कार्डावरून काढून टाका.